डोजोच्या खानावळीतला एक जिवंत डोजो

मी एक जुना, एकडोळ्या डोजो आहे. मित्रांनो, डोजो म्हणजे वीतभर लांब, बोटाएवढा जाड, चिखलाच्या रंगाचा बुळबुळीत मासा. तुमच्या ओढ्यात मुरी सापडते ना, ती आमच्याच भावकीतली. तोंडाभोवती मला दहा मिशा आहेत. पाण्यात जीव घुसमटला की मी वर येतो, घोटभर हवा गिळतो आणि ती मागून सोडून देतो. हसा, खुशाल हसा. मी जे जे पाहिलं ते या सवयीमुळेच पाहिलं.

टोकियोच्या जुन्या वस्तीत, नदीच्या अलीकडे, इसाबुरोची खानावळ आहे. तिथे लोक येतात ते मला खायला. पसरट लोखंडी भांड्यात आम्हांला ओळीने निजवतात, वर पातीच्या कांद्याचा ढीग रचतात आणि निखाऱ्यांसकट गिऱ्हाइकाच्या पुढ्यात आणून ठेवतात. त्याच खानावळीत, दारातच, एका काचपेटीत मी गेली आठ वर्षं राहतो आहे. गिऱ्हाईक आत येतं, मला बघतं आणि मग माझ्या भावांना खायला बसतं. हे असं कसं झालं तेच आज सांगणार आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा, कारण हिच्यात रक्त बरंच आहे.

माझा जन्म एका भातखाचरात झाला. चिखल मऊ होता, पाणी कोमट होतं आणि आम्ही शेकडो भावंडं होतो. पण बगळ्याची चोच वरून खाली यायची आणि शेजारी पडलेलं भावंड नाहीसं व्हायचं. माझ्या एका बहिणीला पाणकिड्याने मिठी मारली आणि आतल्या आत पिऊन टाकलं. तिची रिकामी कातडी दोन दिवस माझ्या डोक्यावर तरंगत होती. पुढे एका संध्याकाळी भाजलेल्या कोंड्याचा खमंग वास आला. त्या वासामागे आम्ही सगळे एका वेळूच्या नळीत शिरलो. आत शिरता येत होतं, बाहेर येता येत नव्हतं. असे आम्ही खानावळीत पोचलो, आणि टोपलीच्या तळाला जे होते ते पोचेपर्यंत वरच्यांच्या ओझ्याने चेंगरून मेले होते.

खानावळीत मुदपाकखान्याच्या तोंडाशी लाकडी पिंपं मांडलेली आहेत. त्यांत विहिरीचं पाणी वरून सतत पडतं आणि खालून वाहून जातं. तिथे राज्य गेन्पाचीचं. तो स्वयंपाकी. मनगट हे एवढं, जीभ तिखट आणि सुरी तिच्याहून तिखट. तो लहान डोजो टोपात ओतायचा, वरून तांदळाची दारू ओतायचा आणि झाकण तळव्याने दाबून धरायचा. आत शेदीडशे जण उडायचे, झाकण थडथड वाजायचं आणि मग हळूहळू वाजेनासं व्हायचं. मोठ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना फळीवर आडवं घालून डोक्यात खिळा ठोकायचा, मानेपासून शेपटीपर्यंत सुरी ओढायची आणि काटा उपसून काढायचा. शेपटी त्यानंतरही फळीवर आपटत राहायची. हे सगळं करताना गेन्पाची गाणं गुणगुणायचा, आणि सुरात गुणगुणायचा हे मला मान्य केलंच पाहिजे.

मी वाचलो तो माझ्या शहाणपणाने नाही. पिंपाच्या तळाला लाकडी जाळीची फळी होती आणि तिचा एक कोपरा मोडलेला होता. मी अंगाने लहान होतो, त्या भोकातून खाली घुसलो. जाळं फळीवरून फिरायचं, इतरांना उचलायचं आणि जायचं. रोज नवे डोजो यायचे आणि रोज संपायचे. मी मात्र फळीखाली लपून वर्ष काढलं. हवा गिळायला तेवढा वर यायचो, आणि वर आलो की समोर चौरंगावर ठेवलेली काचपेटी दिसायची.

त्या पेटीत एक मोठा लाल-पांढरा सोनमासा होता. त्याचं नाव तोराकिची. हे नाव खरं तर माणसाचं. इसाबुरोच्या बापाचं. त्या म्हाताऱ्याने एका उन्हाळी जत्रेत, कागदी पळ्यांनी मासा पकडायच्या खेळात, अकरा पळ्या फाडल्या आणि बाराव्या पळीने हा एवढासा मासा उचलून घरी आणला. पाचव्या दिवशी म्हातारा गल्लीच्या तोंडाशी कोसळला तो उठलाच नाही. मासा राहिला. तेव्हापासून म्हाताऱ्याची बायको, इने आजी, त्या माशाला ‘अहो’ म्हणायची.

इने आजीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. पण सकाळी उठली की ती आधी आपलं कोंड्याचं मडकं काढायची. त्यात मीठ घातलेला तांदळाचा कोंडा असतो आणि कोंड्यात काकड्या, वांगी, मुळे पुरलेले असतात. तो कोंडा रोज हाताने खालीवर कालवावा लागतो, नाहीतर आंबून त्याला घाण मारते. आजी तो कोपरापर्यंत हात घालून कालवायची, हात जेमतेम झटकायची आणि भिंतीला धरत धरत काचपेटीशी यायची. “अहो, या जेवायला,” म्हणायची आणि एक बोट पाण्यात सोडायची. तोराकिची वर यायचा आणि ते बोट चोखायचा. मग ती त्याला मूठभर खाणं टाकायची.

ते मूठभर हीच अडचण होती. दिसत नसल्यामुळे ती नेहमी जास्तच टाकायची. उरलेलं खाली बसायचं, कुजायचं, आणि दोन दिवसांत पाणी दुधासारखं व्हायचं. तोराकिचीच्या कल्ल्यांच्या कडा लाल व्हायला लागल्या. सोबतीला सोडलेले तीन लहान सोनमासेही मलूल झाले.

“तळाशी राहणारा एखादा मासा सोडा, मालक,” गेन्पाची इसाबुरोला म्हणाला. “उरलेलं गिळून टाकेल.”

इने आजी दाराशी उशीवर बसलेली होती. ती म्हणाली, “मग डोजो सोड की. आमच्या गावच्या तळ्यात मोठ्या माशांच्या पोटाखाली तेच असायचे. गार पाण्यातला तो, गरीब, पडेल ते खाणारा. पिंपभर समोर पडलेत.”

“आई, काहीतरीच काय,” इसाबुरो म्हणाला. “गिऱ्हाईक आत येणार, काचेतला डोजो मिशा हलवत त्याच्याकडे बघणार, आणि मग तो बसून भांड्यातला डोजो खाणार? घास उतरेल का त्याच्या घशाखाली?”

“तुझ्या उतरतो ना?”

“मी टोपातला खातो. काचेत ठेवला की त्याला नाव ठेवावं लागतं.”

गेन्पाची हसला आणि विषय तिथेच मिटला. मी पाण्यावर तोंड काढून हे ऐकत होतो. इतका संताप आला की हवा गिळायची विसरलो. आमच्यावर या घराच्या तीन पिढ्या पोसल्या, पण आम्ही जिवंतपणी कसे असतो हे विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती.

मग पहिला आला तो नमाझू, म्हणजे मिशाळ मांगूर. शेजारच्या न्हाव्याने तो आणून दिला. तेव्हा तो बोटाएवढाच होता. “तळाशी पडून असतो बिचारा,” न्हावी म्हणाला. मित्रांनो, मी त्या बिचाऱ्याला ओळखत होतो. खाचराच्या पाटात त्याच्या थोरल्या भावाने माझ्या डोळ्यांदेखत आमचे सातजण एका दमात गिळले होते. पण माशाला ओरडता येत नाही. उन्हाळ्यात आलेला नमाझू पानगळीपर्यंत मनगटाएवढा झाला. एका सकाळी तीन लहान सोनमाशांपैकी दोनच दिसले. दुसऱ्या सकाळी एकच दिसला. आणि एका रविवारी, खानावळ गच्च भरलेली असताना, नमाझूने तो तिसराही तोंडात घेतला. तो घशात अडकला. लाल शेपटी तोंडाबाहेर फडफडत होती आणि नमाझू काचेवर डोकं आपटत होता. समोर जेवत बसलेली बाई तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरून उठली.

गेन्पाचीने त्याला कल्ल्यात बोटं घालून बाहेर ओढलं आणि फळीवर फाडलं. पोटातून दुसरा सोनमासा निघाला. तो अर्धा विरघळला होता आणि त्याचा एक डोळा अजून चमकत होता. नमाझूचे तुकडे करून त्यांनी दुपारी स्वतःच तळून खाल्ले. इसाबुरोने मात्र पान तसंच सारलं.

दुसरा आला तो लाल नांग्यांचा झिंगा. तो इसाबुरोने स्वतः कालव्यातून पकडून आणला. “हा मुळात मासाच नाही, तेव्हा मासे कशाला खाईल,” हे त्याचं म्हणणं. या म्हणण्यावर मी काय बोलू? तिसऱ्या दिवशी झिंग्याने झोपलेल्या तोराकिचीची शेपटी धरली आणि कात्रीने कापड कापावं तशी अर्धी कापून काढली. सकाळी आजीने बोट सोडलं तेव्हा तो वाकडातिकडा होत वर आला. आजीने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, शेपटीपाशी आली आणि थांबली.

“यांना कुणी मारलं?” एवढंच ती म्हणाली.

गेन्पाचीने झिंगा काढून फरशीवर टाकला आणि लाकडी खडावेने त्याचा चुरा केला. त्या संध्याकाळी इसाबुरो पिंपांपाशी येऊन बसला. मी पाण्याखाली होतो, पण लाकडातून आवाज चांगला ऐकू येतो.

“गेन, आई काय म्हणाली माहितीय? म्हणाली, हा मासा गेला की मीही निघते, मला अडवू नकोस. आणि ती बोलते तसं करते. बाबा गेले तेव्हा म्हणाली होती की आता नवं किमोनो घालणार नाही. नऊ वर्षं झाली, घातलं नाही.”

“मग मासा मरू द्यायचा नाही,” गेन्पाची म्हणाला. “सोपं आहे.”

सोपं काही नव्हतं. तिसरा सोबती त्यांनी शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवरून आणला. तिथे शोभेचे मासे मिळायचे. हा दिसायला राजबिंडा होता. अंगावर चिलखत, त्यावर बिबट्याचे ठिपके, आणि तोंड खालच्या बाजूला, गोल, काचेला चिकटणारं. कुठल्या तरी उष्ण मुलखातल्या नदीचा. “काच चाटतो, शेवाळ खातो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. गेन्पाचीने त्याचं नाव पाहुणा ठेवलं. गिऱ्हाइकं काचेला नाक लावून त्याला बघायची. इसाबुरो त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “आमच्या आईच्या माशाला सोबत आणली आहे.” इतका खूश मी त्याला पूर्वी कधी पाहिला नव्हता.

दीड महिन्यात पाहुण्याने पेटीतलं शेवाळ संपवलं. कुजलेल्या खाण्याला तो तोंड लावत नव्हता. विहिरीचं गार पाणी त्याला मानवत नव्हतं, आणि पोट रिकामं होतं. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की खानावळीचं दार अर्धं ओढून घेतात आणि सगळी माणसं मागच्या खोलीत घटकाभर आडवी होतात. अशाच एका दुपारी मी हवा गिळायला वर आलो आणि पाहिलं, की पाहुणा काचेवरून सुटला, तरंगत गेला आणि तोराकिचीच्या कुशीला चिकटला.

तोराकिची उडाला. काचेवर आदळला, दगडावर आदळला, गरागरा फिरला. पाहुणा सुटला नाही. त्याचं तोंड खरवडत होतं, आणि खवले एकेक करून सुटून पाण्यात फिरत होते. माणसांची चाहूल लागली तसा तो अलगद सुटला आणि दगडामागे जाऊन साधूसारखा बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्यात तोराकिचीच्या कुशीवर अंगठ्याएवढा लालभडक खड्डा पडला. इसाबुरोला वाटलं, त्वचेचा रोग आहे. तो पेटीत मीठ टाकत राहिला आणि आईपासून लपवत राहिला. मला फळीखाली चैन पडेना. मी बघत होतो, मला सगळं माहीत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

आजीला डोळे नसले तरी बोट होतं. दोन सकाळी तोराकिची बोटाकडे आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, ती एकटीच भिंतीला धरून पिंपांपाशी आली. बाही वर सारली. “तुम्ही आणता तसले नकोत,” ती स्वतःशीच पुटपुटली. “खालचं कुजकं खाणारा हवा. आपला गावाकडचा.” आणि तिचा हात पाण्यात आला.

बाकीचे घाबरून दूर पळाले. तिची बोटं फळीच्या मोडक्या कोपऱ्यात शिरली. मित्रांनो, त्या बोटांना कोंड्याचा वास होता. याच वासाने एकदा मला वेळूच्या नळीत नेऊन घातलं होतं. शहाणा असतो तर मागे सरलो असतो. पण वर्षभरात मारायला न आलेला हा पहिलाच हात होता. मी त्या हातात गेलो. तिने मला मुठीत धरलं, पाच पावलं चालली आणि काचपेटीत सोडलं.

“अहो, सोबत आणलीय,” ती म्हणाली. “भांडू नका.”

मी वाळूत शिरलो आणि कामाला लागलो. कुजकं खाणं हे आमचं आवडतं जेवण. दोन दिवसांत तळ स्वच्छ केला. मी वाळूत असल्यामुळे कुणाच्या नजरेला पडलो नाही. दुपार झाली की पाहुणा निघायचा. पहिल्या दुपारी मी त्याला धडक मारली. त्याने कल्ल्याचा काटा उघडला आणि माझी कूस उसवली. तेव्हा मी शूरवीर होतो असं सांगणार नाही. मी वाळूत परत गेलो आणि वर तोराकिची आपटत राहिला.

मग वादळाचा दिवस उजाडला. आभाळ स्वच्छ होतं, माणसांना कल्पनाच नव्हती. पण हवेचा दाब उतरला की आमच्या पोटातली हवा फुगते आणि आम्हांला वेड लागतं. ते आमच्या हातात नसतं. ऐन जेवणाच्या वेळी मी वाळूतून उसळलो. काचेवर आपटलो, वर गेलो, खाली आलो, तोराकिचीच्या अंगाखालून सुसाट गेलो. तोराकिची एका कुशीवर कलला होता आणि जखमेतून रक्ताचा धागा निघत होता. गर्दीला घाबरून पाहुणा त्याच्याच पोटाखाली, भिंतीकडच्या बाजूला चिकटून बसला होता, त्यामुळे तो कुणाला दिसला नाही. दिसलो मी.

“अहो इसाबुरो,” एक नेहमीचं गिऱ्हाईक भांड्यावरून मान वर करून म्हणालं, “तुमचा डोजो त्या सोनमाशाचे लचके तोडतोय बघा.”

इसाबुरो धावत आला. त्याने आधी मला पाहिलं, मग ती जखम पाहिली. “हा कुठून आला? म्हणजे हाच. इतके दिवस हाच खातोय बाबांना.” त्याने जाळं घातलं, मला उचललं आणि मुदपाकखान्यात फळीवर आपटलं. “गेन, खिळा. आत्ता.”

गेन्पाचीने विचारलं नाही. त्याने डाव्या हाताने माझं डोकं दाबलं आणि उजव्या हाताने खिळा उचलला. त्याच क्षणी मागच्या पिंपातले डोजो उसळायला लागले. सगळेच्या सगळे. धपाधप फरशीवर पडायला लागले. गेन्पाचीची मान वळली आणि खिळा तिरका बसला. तो माझ्या उजव्या डोळ्यातून शिरला आणि गालातून निघून लाकडात रुतला. आधी करकर ऐकू आलं, मग दुखलं. अर्धं जग काळं झालं. उरलेल्या अर्ध्यात सुरी दिसली, आणि सुरीचं टोक मानेत शिरताना जाणवलं.

“फळीवर कोण आहे?”

आजी दारात उभी होती.

“तुझा डोजो,” इसाबुरो ओरडला. “तूच सोडलास ना? बाबांना अर्धं खाल्लं त्याने.”

“सुरी थांबव, गेन. इसा, तीस वर्षं डोजो कापतोस. एकदा तरी त्याचं तोंड उघडून बघितलंस? दात आहेत का त्याला?”

फरशीवर डोजो आपटत होते.

“तो वादळाने नाचतोय. पिंपातले नाचतायत तसाच. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळायचं. वादळ येतंय, फळ्या लावून घ्या.” असं म्हणत ती वळली, काचपेटीपाशी गेली आणि बाहीसकट हात आत घातला. तोराकिचीला तिने तळव्यावर घेतलं. दुसऱ्या हाताने त्याचं अंग चाचपलं. पाठ, शेपटी, पोट. आणि पोटाखाली तिची बोटं थांबली.

“इसा, यांच्या अंगाला हे काय आहे रे? दगडासारखं?”

इसाबुरो वाकला आणि त्याने पाहिलं. तो काही करायच्या आत आजीने पाहुण्याला मुठीत धरलं होतं. पाहुण्याने दोन्ही काटे उघडले. ते तिच्या तळव्यात घुसले आणि मनगटावरून रक्त पाण्यात उतरायला लागलं. ती सोडेना. तिने ओढला. कातडीची एक पट्टी घेऊनच तो सुटला. मग तिने तो चौरंगाच्या कडेवर आपटला. एकदा, दोनदा, आणि चिलखत फुटल्याचा आवाज येईपर्यंत तिसऱ्यांदा. जेवणाऱ्यांच्या काड्या हवेत थांबल्या होत्या. आजीने पाहुण्याचा लगदा जमिनीवर टाकला आणि म्हणाली, “त्या पोराचा खिळा काढा आता.”

गेन्पाचीने खिळा उपसला. त्या दिवशी तो गुणगुणला नाही. इसाबुरोने मला दोन्ही तळव्यांत घेतलं, पेटीत सोडलं आणि कितीतरी वेळ हात पाण्यातच ठेवून उभा राहिला. संध्याकाळी वादळ आलं. शेजारच्या न्हाव्याच्या काचा फुटल्या, छपराची कौलं गल्लीभर झाली. आमच्या फळ्या वेळेवर लागल्या होत्या.

माझ्या जखमा भरल्या. डोळा गेला तो गेला. तोराकिचीच्या कुशीवर खवले पुन्हा आले नाहीत, पण आठव्या दिवशी तो बोट चोखायला वर आला, आणि आजी त्या दिवशी दोन वाट्या भात जेवली. इसाबुरोने मला काढलं नाही. काचेत ठेवल्यामुळे नाव ठेवणं आलं, तेव्हा गेन्पाचीने माझं नाव खिळ्या ठेवलं. काही गिऱ्हाइकं मला बघून आल्या पावली परत गेली. “जाऊ दे,” इसाबुरो म्हणायचा, “शेवया खातील कुठेतरी.”

पुढची सहा वर्षं आमची चांगली गेली. मग एका फेब्रुवारीत आजी झोपेतच गेली. मासा गेला की मी निघते म्हणाली होती, पण तीच आधी निघाली. मासा मागे राहिला. आता इसाबुरोच्या मनाला एकच घोर लागला, की आईच्या पाठोपाठ हाही जाणार. त्याने तिच्या शवपेटीपाशी शब्द दिला होता की मासा जगवीन.

तोराकिची खाईना. इसाबुरो सकाळी यायचा, बोट पाण्यात सोडायचा. त्या बोटाला सुरीचा, दारूचा आणि आमच्या रक्ताचा वास असायचा. तोराकिची कोपऱ्यात सरकायचा. तसा मीही सरकायचो. इसाबुरोने हात साबणाने धुतले, मग राखेने धुतले. साबणाच्या वासाने तर तोराकिची दगडामागे गेला. नवव्या दिवशी तो कलायला लागला.

“मालक, हा जाणार,” गेन्पाची म्हणाला. “आणि तुमच्या आईच्या मडक्याला घाण मारतेय. टाकून देऊ का?”

“मी टाकतो,” इसाबुरो म्हणाला.

त्याने कोंड्याचं मडकं ओढून काढलं. वरचा थर काळा पडला होता. तो त्याने काढून टाकला. खाली कोंडा अजून चांगला होता, आणि त्यात आईने पुरलेली शेवटची काकडी होती. मग त्याने बाह्या वर सारल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि कोंडा कालवायला लागला. कालवता कालवता रडत होता. त्याला ते लपवावंसंही वाटलं नाही.

मग हात जेमतेम झटकून तो काचपेटीशी आला आणि एक बोट पाण्यात सोडलं. आई म्हणायची तसं ‘अहो’ म्हणणं त्याला जमेना.

“बाबा,” तो म्हणाला, “या जेवायला.”

तोराकिची हलला. कलता कलता, एका कुशीवर पोहत वर आला आणि ते बोट त्याने तोंडात घेतलं.

मित्रांनो, सोनमाशाला सोबत आणाल तेव्हा रूप बघून आणू नका. त्याचं तोंड उघडून बघा. मोठा होऊन तो केवढा होईल, त्याला कसलं पाणी लागतं, उपाशी राहिला तर कुणाला खाईल, हे आधी विचारा. आणि ज्याला रोज बघता, रोज हाताळता, त्याला आपण ओळखतो असं समजू नका. इसाबुरोचंच बघा. तीस वर्षं आमच्यावर सुरी चालवून त्याला आमचा स्वभाव माहीत नव्हता.

त्या सकाळी मीही वर गेलो होतो. बोटाला कोंड्याचा वास होता, आणि या वासापुढे माझं आयुष्यात कधी चाललेलं नाही. खिळा मागणारा हात हाच होता हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला मिशा लावल्या. मग गेन्पाचीने आतून हाक मारली, गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती. इसाबुरोने हात पुसले आणि आत गेला, आणि थोड्या वेळाने पिंपापलीकडे टोपाचं झाकण थडथडायला लागलं. मी वाळूत उतरलो आणि ते थांबेपर्यंत ऐकत राहिलो.